मागच्या फळीतली मुलगी

आमच्या चंद्रपूर भागात शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ तयार होतो तेव्हा जागा वाटून देण्याची एक ठरलेली रीत असते. जी जोरात पळते ती पुढे. जिच्या पायात चेंडू थोडा वेळ टिकतो ती मधे. आणि जिला अजून चेंडूला नीट पाय लावता येत नाही, किंवा जी अंगानं थोराड आहे, ती मागे. ‘तू फक्त उभी राहा, चेंडू आला की लांब मार,’ एवढीच तिला शिकवण. पहिल्या सामन्यात गोल झाला की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात, कारण चेंडू शेवटी तिच्याच बाजूनं गेलेला असतो. तिच्याआधी बाकीच्या सगळ्या जणींना चुकवून तो तिथवर आला होता, हे कोणाच्या लक्षात येत नाही. महिन्याभरात ती मुलगी मैदानावर यायची बंद होते. विचारलं तर सांगते, ‘मला नाही जमत.’

या पुस्तिकेत जिच्या कारकिर्दीची ओळख करून दिली आहे, ती मोठ्या फुटबॉलमध्ये कायम याच जागेवर खेळली. तिचं नाव स्टेफनी फान डेर ग्राख्त. नेदरलँड्सची सेंटर बॅक, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंच्या बोलीत स्टॉपर. जन्म १६ ऑगस्ट १९९२, उत्तर हॉलंडमधल्या हेरहुगोवार्डचा. टेलस्टार या क्लबातून ती पुढे आली, २०१२ मध्ये एफसी ट्वेंटेकडे गेली, २०१६ मध्ये जर्मनीत बायर्न म्युनिककडे, मग मायदेशी आयॅक्सकडे, २०१८ ते २०२० बार्सिलोनाकडे, पुन्हा आयॅक्स आणि शेवटचा हंगाम इटलीत इंटर मिलानकडून. २०१३ मध्ये ती देशासाठी पहिल्यांदा खेळली आणि २०२३ च्या विश्वचषकानंतर थांबली. या दहा वर्षांत शंभराहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने, २०१७ चं युरोपचं अजिंक्यपद आणि २०१९ च्या विश्वचषकाचं उपविजेतेपद तिच्या नावावर आहे.

नेदरलँड्सच्या याच पिढीत व्हिवियाने मिडेमा आहे. तिनं देशासाठी केलेले गोल तिथल्या कोणत्याही पुरुष खेळाडूपेक्षा जास्त आहेत. लिके मार्टेन्स आहे, जिला २०१७ मध्ये फिफानं जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरवलं. मुलींसमोर आदर्श ठेवायचा तर ही नावं सोपी होती. त्यांचे गोल पाहिले की लहान मुलीही टाळ्या पिटतात. तरीही भद्रावतीतल्या, माजरीतल्या, वैनगंगेपलीकडच्या आश्रमशाळांतल्या मुलींनी आधी स्टेफनीविषयी वाचावं असं मला वाटतं. गोल करणारीचं कौतुक करायला आपण शिकलोच आहोत. मागे उभ्या असलेल्या मुलीचा खेळ बघायला अजून शिकलेलो नाही.

तिची कारकीर्द शेवटापासून वाचायला घेतली तरी चालेल.

वेलिंग्टन, ११ ऑगस्ट २०२३. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर स्पेन. ही स्पर्धा संपली की आपण थांबणार, हे स्टेफनीनं आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे हरलो तर हाच आपला शेवटचा सामना, हे ठाऊक असतानाच ती मैदानात उतरली. ऐंशी मिनिटं एकही गोल नाही. चेंडू बहुतेक वेळ स्पेनकडे, त्यामुळे डच मागच्या फळीला उसंत नाही. मग पेनल्टी क्षेत्रात चेंडू स्टेफनीच्या हाताला लागला. पंचांनी पेनल्टी दिली. ८१ व्या मिनिटाला मारिओना काल्देंतेनं फटका मारला, चेंडू खांबाला लागून आत गेला. १-०.

दहा मिनिटांनी, भरपाई वेळेच्या पहिल्याच मिनिटाला, व्हिक्टोरिया पेलोवानं स्पेनच्या बचावामागे चेंडू सरकवला. त्यावर धावून गेली ती आघाडीची कोणी नव्हती, स्टेफनी होती. सेंटर बॅक एरवी जिथं कधी दिसत नाही अशा जागी ती पोहोचली होती. तिरपा, जमिनीलगतचा फटका, चेंडू लांबच्या खांबाच्या आतून जाळीत. १-१. सामना जादा वेळेत गेला. १११ व्या मिनिटाला सालमा पाराल्युएलोनं स्पेनचा दुसरा गोल केला आणि नेदरलँड्सची स्पर्धा संपली. स्टेफनीचं फुटबॉलही तिथंच संपलं. नऊ दिवसांनी स्पेन जगज्जेता झाला.

हा सामना आठवताना लोक बरोबरीच्या गोलाविषयी बोलतात. मला मधली दहा मिनिटं जास्त मोलाची वाटतात. पेनल्टीचा गोल झाल्यावर चेंडू मधल्या वर्तुळात ठेवला जातो, आणि जिच्या हाताला तो लागला होता तिला परत आपल्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. संघ पिछाडीवर असल्यानं सगळ्या जणी पुढे सरकलेल्या, मागे रान मोकळं. आणखी एक गोल पडला तर सारं संपलं. अशा वेळी अंग चोरणं फार सोपं असतं. चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून अर्धं पाऊल मागं राहायचं, पास मागायचाच नाही, आला तर डोळे मिटून लांब टोलवायचा. शाळेच्या सामन्यांत हे मी नेहमी बघतो. एक चूक झालेली मुलगी उरलेला सगळा सामना चेंडूपासून लपत असते. ज्या खेळाडूला त्या दहा मिनिटांत लपायचं असतं ती नव्वदाव्या मिनिटानंतर समोरच्या गोलपाशी पोहोचत नाही. स्टेफनीचा गोल त्या दहा मिनिटांत तयार झाला होता.

आणि असं ओझं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं नव्हतं. ७ जुलै २०१९, ल्योन, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर अमेरिका. पहिल्या तासात डच बचावानं अमेरिकेला गोल करू दिला नाही. त्या स्पर्धेत अमेरिकेला इतका वेळ कोणीच रोखलं नव्हतं. त्याआधीच्या प्रत्येक सामन्यात त्यांनी पहिल्या बारा मिनिटांतच गोल केला होता. मग उंच उसळलेला चेंडू काढण्यासाठी स्टेफनीनं पाय उचलला आणि तो अॅलेक्स मॉर्गनला लागला. आधी कॉर्नर दिला गेला. नंतर पंच स्टेफनी फ्रापार यांनी मैदानाकडेच्या पडद्यावर तो क्षण पुन्हा पाहिला आणि पेनल्टी दिली. ६१ व्या मिनिटाला मेगन रॅपिनोनं गोल केला, आठ मिनिटांनी रोझ लॅव्हेलनं दुसरा. २-०. एका विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आणि पुढच्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, दोन्ही वेळा पेनल्टी हिच्यामुळे गेली. पण एवढंच लक्षात ठेवलं तर तिच्यावर अन्याय होईल. ज्या संघाच्या मागे ती उभी होती तो संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला कसा, हे मग दिसतच नाही.

तो कसा पोहोचला ते सांगण्यासारखं आहे. त्याच स्पर्धेतला इटलीविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना घ्या. व्हॅलेन्सिएन, दुपारी तीनची वेळ, फ्रान्समध्ये उष्णतेची लाट. पाणी पिण्यासाठी खेळ थांबवावा लागत होता. चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलींना त्या दुपारची कल्पना कोणी करून द्यायला नको. ७० व्या मिनिटाला मिडेमानं आणि ८० व्या मिनिटाला स्टेफनीनं, दोघींनीही शेरिडा स्पित्सेच्या फ्री किकवर डोक्यानं गोल केले. २-०, आणि नेदरलँड्स पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत. चार वर्षांनी ड्युनेडिनला पोर्तुगालविरुद्ध पुन्हा तेच: स्पित्सेचा कॉर्नर, स्टेफनीचं हेडर, १-०. फ्री किक किंवा कॉर्नर मिळाला की उंच सेंटर बॅक पुढे जाते, हे आता गल्लीतली मुलंही करतात. पण चेंडू हुकला तर तिला सगळ्यांच्या आधी मागं पोहोचायचं असतं, साठ-सत्तर मीटर, जीव तोडून. ती धाव टीव्हीवरच्या ठळक क्षणांत कधी दाखवत नाहीत.

आता बचावाविषयी थोडं खोलात, कारण पुस्तिकेतलं सामन्यांचं वर्णन वाचताना ते लागेल.

समोरून खेळाडू चेंडू घेऊन येते तेव्हा नवी मुलगी तिच्यासमोर दोन्ही पाय जुळवून, छाती समोर करून उभी राहते आणि चेंडूवर झेप घेते. झेप हुकली की खेळ खलास. शिकलेली बचावपटू अर्धवट वळून उभी राहते. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे जरा वाकलेले, वजन पंजावर. शरीराचा कोन असा की समोरचीला मधून वाट नाही, बाजूच्या रेषेकडे तेवढी आहे. नजर चेंडूवर, तिच्या खांद्यांच्या आणि कमरेच्या हुलकावणीवर नाही. आणि पाय लगेच टाकायचा नाही. मागं मागं सरकत तिला उशीर करायला लावायचा, म्हणजे आपल्या बाकीच्या जणी परततात. दर दोन-तीन सेकंदांनी एक नजर खांद्यावरून मागे, कारण आपल्या पाठीमागे कोण शिरतंय ते चेंडू सांगत नाही. हे सगळं करत असतानाच शेजारणींना आवाज द्यायचा: वर चला, आत या, सोड तिला, मी घेते. सेंटर बॅकला मैदानातल्या इतर कोणापेक्षाही जास्त बोलावं लागतं, कारण गोलरक्षक सोडली तर सगळा खेळ तिच्याच डोळ्यांसमोर असतो.

हे ऐकून आमच्या मुलींनी घाबरून जायचं कारण नाही, कारण यातलं निम्मं त्यांना कबड्डीतून आधीच येतं. चढाईपटू आत शिरली की कोपऱ्यातली खेळाडू लगेच अंगावर जात नाही. ती थांबते, तिला खोल येऊ देते, वेळ खाते, मधल्या रेषेकडे परतायची वाट कापते आणि शेजारणीच्या हाताची साखळी पक्की झाल्यावरच पकड टाकते. कोपरा एकटाच पुढे गेला आणि कव्हर जागेवरच राहिली तर पकड सुटते. फुटबॉलमधली ऑफसाइडची रेषाही अशीच राखावी लागते. चौघी एकदम वर सरकल्या तर समोरची आघाडीपटू ऑफसाइडमध्ये अडकते. चौघींतली एक पावलाभर मागे राहिली तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. पाटण्याला २०१२ मध्ये महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला तेव्हा संघात अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. पकडीचं शास्त्र आपल्या मातीत मुरलेलं आहे. ते चेंडूच्या खेळात उतरवायचं तेवढं बाकी आहे.

नेदरलँड्सविषयी आपल्याकडे एक समजूत आहे की तो फुटबॉलचाच देश, तिथं हे सगळं आपोआप होत असणार. पुरुषांच्या बाबतीत ते एक वेळ मान्य करू. महिलांच्या बाबतीत अजिबात नाही. १८९६ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेनं रॉटरडॅमच्या स्पार्टा क्लबाला इंग्लंडच्या महिला संघाशी सामना खेळू दिला नव्हता. त्यानंतर पाऊणशे वर्षं डच मुलींचं फुटबॉल संघटनेच्या दाराबाहेरच राहिलं. १७ एप्रिल १९७१ ला त्यांचा महिला संघ फ्रान्समध्ये आझब्रूक इथं आपला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि ०-४ असा हरला. पुढची कित्येक वर्षं हा संघ एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नाही.

त्याच काळात आपण कुठं होतो ते पाहा. १९७५ मध्ये भारतात महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. पुढे केरळात कोझिकोडला आशियाई महिला स्पर्धा झाली, त्यात भारत उपविजेता. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरा क्रमांक. १९८३ मध्ये थायलंडला पुन्हा उपविजेता. त्या पिढीत बंगालची शांती मलिक होती, अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू. शेजारच्या गोव्याची योलांडा डिसोझा होती. आपल्या मुली आशियात दुसऱ्या क्रमांकावर होत्या तेव्हा डच मुलींना युरोपच्या स्पर्धेचं दारही उघडलं नव्हतं. ते उघडायला २००९ उजाडलं.

आज ते कुठं आहेत आणि आपण कुठं, हे सांगायची गरज नाही. भारताचा वरिष्ठ महिला संघ विश्वचषकात एकदाही खेळलेला नाही. या दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या त्या कुठं, याचा विचार प्रत्येक क्रीडाशिक्षकानं करावा, म्हणून थोडं सांगतो. २००७ मध्ये नेदरलँड्सनं महिलांची राष्ट्रीय लीग सुरू केली आणि तिची जबाबदारी नावाजलेल्या क्लबांवर टाकली. २०१२ ते २०१५ या काळात बेल्जियमसोबत संयुक्त लीग चालवली, म्हणजे लहान देशातल्या मुलींना तोडीस तोड सामने मिळावेत. स्टेफनी ट्वेंटेकडून या लीगमध्ये दोनदा विजेती ठरली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथं लहान मुली मुलांच्याच संघात खेळतात, त्यामुळे दहाव्या-बाराव्या वर्षीच धक्के खायची आणि वेगानं निर्णय घ्यायची सवय लागते. २००९ ला युरोपियन स्पर्धा, २०१५ ला पहिला विश्वचषक, २०१७ ला स्वतःच्या देशात युरोपचं अजिंक्यपद. एन्शेडच्या मैदानावर डेन्मार्कला ४-२ नं हरवलं तेव्हा २८ हजारांवर माणसं बघायला होती. प्रशिक्षक सारिना विगमन. त्या संघाची मूळची कर्णधार मँडी फान डेन बर्ग हीसुद्धा बचावपटू. तिला स्पर्धेच्या मधेच आपली जागा गमवावी लागली आणि तरीही ती संघाबरोबर उभी राहिली. मुलींनी हेही वाचावं.

दुसरीकडे आपल्याकडे १९८३ नंतर सामनेच आटत गेले. राष्ट्रीय स्पर्धा वर्षातून एकदा, तीही नियमित नाही. महिलांची लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम यावा लागला. पुढे महाराष्ट्रातून कोल्हापूर सिटीसारखा संघ त्या लीगमध्ये उतरला, हे फुटबॉलवेड्या कोल्हापूरला शोभण्यासारखंच झालं. २०२२ मध्ये आशिया चषक आपल्याच राज्यात झाला: नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी. भारत इराणशी ०-० बरोबरीत खेळला आणि दुसऱ्या सामन्याआधी संघातल्या बारा जणींना कोरोना झाल्यानं स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. इतक्या वर्षांनी घरच्या मैदानावर आलेली संधी अशी गेली याचं दुःख आजही जात नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मात्र या मुलींनी चियांग माई इथं थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून आशिया चषकाची पात्रता मैदानावर कमावली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

आणि आपल्याकडेही उत्तम बचावपटू आहेत. मणिपूरची लोइतोंगबाम आशालता देवी हिनं ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला; भारतीय महिलांमध्ये हा टप्पा गाठणारी ती पहिली. ती सेंटर बॅक आहे. किती घरांत तिचं नाव ठाऊक आहे? झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची कर्णधार होती, तीही बचावपटू. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ असे तीन पराभव या संघाच्या वाट्याला आले. बचावपटू कर्णधार असलेल्या संघावर सोळा गोल. त्याच सुमारास तिच्या गावात तिच्या सन्मानार्थ रस्ता बांधला जात होता आणि तिचे आई-वडील त्या रस्त्यावर मजुरी करत होते, ही बातमी देशभर आली. गुमला आणि गडचिरोली यांच्यात अंतर बरंच आहे, पण जंगल, गावं, मजुरी आणि मुलींचं घरकाम यांत फार फरक नाही. अस्तमला जे साधलं ते एटापल्ली-भामरागडच्या मुलीला साधणार नाही असं मानायला मी तयार नाही.

उदाहरण शोधायला झारखंडपर्यंतही जावं लागत नाही. नागपूरला हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांच्यासाठी सामने भरवले. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकर या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट आला आणि हे काम सगळ्या देशाला कळलं. बारसे सरांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे एक चेंडू आणि पोरांसाठी काढलेला वेळ, एवढंच होतं. आमच्याकडे आयुधनिर्माणीची वसाहत आहे, माजरीच्या कोळसा खाणींच्या वसाहती आहेत. तिथं देशभरातून आलेली कुटुंबं राहतात आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलची आवडही आलेली आहे. मैदानं आहेत. संध्याकाळी त्या मैदानांवर मुलांचे दोन-दोन डाव चालतात आणि मुली कडेला उभ्या राहून बघतात. हे बदलायला अनुदान लागत नाही. आठवड्यातले तीन दिवस पाच ते साडेसहा हे मैदान मुलींचं, एवढं ठरवलं तरी पुरे.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मान्य करूनच बोललं पाहिजे. भद्रावती-वरोऱ्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते आणि भेगाळते; पावसाळ्यात तीच माती बुटाला धरून बसते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातनंतर मैदानावर थांबणं धोक्याचं. मोहफुलं पडायला लागली की जंगलाकडच्या मुली पहाटेच टोपल्या घेऊन जातात. मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैमध्ये झाडीपट्टीत रोवणी. वर्षभर सराव अशी आखणी इथं कागदावरच राहते. म्हणून घराच्या कामाचं वेळापत्रक आधी विचारून मग सरावाचं ठरवावं. जी मुलगी रोवणीत दिवसभर वाकून उभी राहते तिला संध्याकाळी धावायला लावून काही साधत नाही. त्या दिवसांत तिला अर्धा तास नुसत्या पासिंगला बोलवा.

आणि गुडघ्यांची काळजी घ्या. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. मिडेमासारखी खेळाडूही याच दुखापतीनं २०२३ चा विश्वचषक खेळू शकली नाही, आणि तिच्याकडे जगातले उत्तम डॉक्टर होते. आमच्या मुलीचा गुडघा गेला तर तिचा खेळ बहुधा तिथंच थांबतो. वर घरात ‘सांगितलं होतं ना’ हे ऐकावं लागतं. बचावपटूला सारखं उडी मारून उतरावं लागतं, पळता पळता एकदम वळावं लागतं, तेही टणक जमिनीवर. फिफानं तयार केलेला ‘११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: हलकं धावणं, पोटा-मांड्यांचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे वाकवत हळू उतरणं. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तो नियमित केल्यानं दुखापती कमी होतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. उडीनंतर उतरताना मुलीचे गुडघे आत वळतात का, एवढं जरी शिक्षकांनी रोज पाहिलं तरी कितीतरी गुडघे वाचतील.

स्टेफनीच्या क्लबांची माहिती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बार्सिलोनाकडे असताना २०१९ मध्ये तिचा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि ल्योनकडून १-४ हरला. त्याच वर्षी जुलैमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामनाही गेला. दोन महिन्यांत दोन मोठे अंतिम सामने हरणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पुढच्या हंगामात ती पुन्हा बार्सिलोनाच्या मागच्या फळीत होती आणि संघ स्पेनची लीग जिंकला. तिचं यश आणि तिचे पराभव असे लागोपाठ येत राहतात. वाचताना नुसती पदकं मोजू नयेत.

मुलींनो, पुस्तिका एका बैठकीत संपवू नका. एक सामना वाचा, मोबाइलवर त्याची क्षणचित्रं शोधून बघा, आणि बघताना चेंडूऐवजी सेंटर बॅककडे बघा: ती कुठं उभी आहे, कधी वळते, कोणाला हाक मारते. मग दुसऱ्या दिवशी मैदानावर तसं उभं राहून पाहा.

आणि माझ्या क्रीडाशिक्षक मित्रांना, मैत्रिणींना एकच विनंती आहे. यंदा तालुक्याच्या शालेय स्पर्धेसाठी संघ निवडाल तेव्हा पहिली जागा सेंटर बॅकची भरा. तिथं संघातली सगळ्यात समजूतदार, सगळ्यात मोकळा आवाज असलेली मुलगी उभी करा. तिच्या चुकीनं गोल झाला तर तिला त्या सामन्यात बदलू नका. पुढच्या सामन्यातही तिलाच खेळवा.